विस्मरणात गेलेल्या मराठी विचारवंत स्त्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे नेमक्या कुणाविषयी लिहिलं आहे?

मुख्यतः मुक्ता साळवे, ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाई, डॉ. रखमाबाई आणि १९४२ साली नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेतल्या कार्यकर्त्यांविषयी. ओघाने सावित्रीबाई, सोयराबाई, काशीबाई कानिटकर, गोदावरी परुळेकर, गीता साने, कुमुद पावडे, बेबीताई कांबळे येतील. यादी पुरी नाही. इरावती कर्वे आणि दुर्गा भागवत मुद्दाम वगळल्या आहेत, कारण त्यांना वाचणारे आणि त्यांच्याशी भांडणारे अजून पुष्कळ आहेत. बाकीच्यांच्या वाट्याला हार येतात, भांडण येत नाही. विचारवंताशी वाद घालायचा असतो, आणि त्यासाठी तिचं म्हणणं काय होतं ते आधी माहीत असावं लागतं. खालच्या उत्तरांमध्ये चरित्र कमी आणि म्हणणं जास्त आहे ते त्यासाठी.

सावित्रीबाई तर घराघरात माहीत आहेत. त्यांना दुर्लक्षित कसं म्हणायचं?

नाव माहीत आहे, फोटो माहीत आहे. ३ जानेवारीच्या जयंतीच्या भाषणात शेणगोळे येतात, पिशवीतलं दुसरं लुगडं येतं, आणि भाषण संपतं. १८५४ मध्ये त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला होता, हे किती वक्त्यांना ठाऊक असतं? आणि जोतीरावांना लिहिलेली पत्रं तर त्याहून कमी लोकांनी वाचलेली असतात.

त्यातलं १८६८ सालचं नायगावहून लिहिलेलं पत्र बघा. पंचांग घेऊन गावोगाव फिरणारा गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी. शारजा गरोदर आहे. गावाने दोघांना धरून धिंड काढली आहे आणि आता जीव घ्यायची तयारी चालली आहे. सावित्रीबाई तिथे धावत जातात. ‘प्रेम थोर असतं’ असलं काही त्या जमावाला सांगत बसत नाहीत. इंग्रजी कायद्यात खुनाचं काय होतं, ते सांगून जमावाला भानावर आणतात. जीव वाचतो, पण दोघांनी गाव सोडायचं ठरतं, आणि त्या दोघांना थेट जोतीरावांकडे पाठवून देतात. जातीबाहेरच्या प्रेमावर हत्यार काढणारं गाव, आणि त्याच्यासमोर नीतीऐवजी कायदा पुढे करणारी बाई. महाराष्ट्रात आजही आंतरजातीय जोडप्यांच्या बाबतीत नेमक्या याच टप्प्यावर अडतं. हे पत्र राजकीय विचार म्हणून शिकवायला हवं. आपण ते फार तर ‘प्रेमळ पत्नीचं पत्र’ म्हणून छापतो.

मुक्ता साळवेच्या निबंधात असं काय आहे?

आधी प्रसंग. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी ही मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्रात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध दोन अंकांत छापून आला. काही पानांचाच आहे, एका बैठकीत वाचून होतो.

तिचा मध्यवर्ती युक्तिवाद वकिलाला शोभेल असा आहे. ब्राह्मण म्हणतात, वेद आमचे, इतरांनी पाहूही नयेत. ठीक. मग वेद आमचे नाहीत, म्हणजे आम्हाला ग्रंथच नाही. ज्याला ग्रंथ नाही त्याला धर्म नाही. आणि वेद नुसते पाहिले तरी आम्हाला पाप लागत असेल, तर त्यात सांगितल्याप्रमाणे वागणं हा केवढा मूर्खपणा! मुसलमान कुराणाप्रमाणे वागतात, इंग्रज बायबलाप्रमाणे. तेव्हा हे देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग.

इथे ती वेद खोटे आहेत असं म्हणतच नाही. समोरच्याचं विधान जसंच्या तसं मान्य करते आणि त्यातून निघणारा निष्कर्ष त्याच्याच हातात ठेवते. तुम्ही आम्हाला बाहेर ठेवलंत ना? मग तुमचे नियम आम्हाला कसे लागू? १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडायची घोषणा केली, त्याच्या ८० वर्षं आधीची ही मांडणी आहे.

पुढे पेशवाईचं वर्णन येतं. तालमीसमोरून मांग-महार गेला तर त्याचं डोकं तोडून तलवारीच्या दांडूने त्या डोक्याचा चेंडू खेळत, असं ती लिहिते. इमारतींच्या पायात शेंदूर-तेल पाजून माणसं पुरल्याचं लिहिते. मला मात्र सगळ्यात जास्त अडवतो तो गाढवाचा मुद्दा. लंगड्या गाढवाला कुणी मारलं तर त्याचा मालक जाब विचारायला येतो. मांग-महारांना मारलं तर विचारणारा कोण? ज्याच्यावर मालकी सांगणाराही कुणी नाही, त्याच्या अंगावर कुणीही हात टाकतो. क्रूरतेपेक्षा ती क्रूरता बिनखर्ची होण्याबद्दल ही मुलगी बोलते आहे.

आणि मग बाळंतपण. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पावसात काय हाल होत असतील ते स्वतःच्या अनुभवावरून ताडा, असं ती वाचणाऱ्यांना सुचवते. जातीच्या दुःखाचा हिशेब मांडताना बाईच्या शरीरावर येऊन थांबणं, हे १८५५ मध्ये तिच्याखेरीज कुणाला सुचलेलं दिसत नाही.

एवढ्या लहान मुलीने हे स्वतः लिहिलं असेल? मास्तरांनी लिहून दिलं असणार.

हा प्रश्न कुठल्याच मुलाच्या गाजलेल्या निबंधावर येत नाही. शाळेत ज्या वादविवादाचं वारं होतं ते निबंधात उतरलं असणार, यात नवल काय? पण १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला तेव्हाही ‘विभावरी शिरूरकर’ या नावामागे कोण दडलंय, यावर महाराष्ट्रात तर्ककुतर्क झालेच होते. त्या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. तेव्हा वय हा मुद्दा नसावा.

ताराबाई शिंदे कोण? आणि ‘स्त्रीपुरुषतुलना’ कशावरून लिहिलं गेलं?

ताराबाई बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून आणि सत्यशोधक विचारांचे. घरात मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकल्या. नवरा घरजावई, मूलबाळ नाही.

१८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला, अनौरस मूल मारल्याच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. अपिलात शिक्षा सौम्य झाली, पण तोवर वर्तमानपत्रांना बायकांच्या घसरलेल्या नीतीवर लिहायला विषय मिळाला होता. ‘पुणे वैभव’ त्यात आघाडीवर. ताराबाईंनी १८८२ मध्ये उत्तर दिलं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलेलं पन्नासेक पानांचं पुस्तक, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे.

त्यांनी त्या खटल्यावर थांबायचं नाकारलं. बायकांची बदनामी करणारं एक प्रसिद्ध संस्कृत सुभाषित आहे: स्त्री म्हणजे संशयांचा भोवरा, अविनयाचं घर, साहसांचं नगर, आणि असंच पुढे. ताराबाई त्यातला एकेक आरोप उचलतात आणि विचारतात, हा दोष बायकांमध्ये जास्त की पुरुषांमध्ये? कपट म्हणता? मग जटा वाढवून, राख फासून गावं लुबाडणारे कोण? लाच खाणारे कोण? पुस्तकाचं नाव ‘तुलना’ आहे ते यासाठी. दोन्ही पारडी भरून दाखवायची आणि मग वाचणाऱ्याला वजन करायला लावायचं, अशी ती पद्धत आहे.

वैधव्याबद्दलचा त्यांचा भाग तर पाठ करून ठेवावा असा. बाई मेली की दहाव्या दिवशी दुसरी आणायला तुम्ही मोकळे. नवरा मेला की बाईचे केस काढायचे, तोंड लपवून जगायचं. मग बायको मेल्यावर तुम्ही दाढी-मिशा भादरून रानात का जात नाही? पातिव्रत्याचंही तसंच. नवऱ्याला देव मानायचं असेल तर नवऱ्याने देवासारखं वागावं ना? आणि मग त्या देवांकडेच वळतात. पुराणातले देव तरी कसे वागले, ते काढून दाखवतात.

माझ्या मते त्यांचा सर्वांत मोठा मुद्दा धर्मरक्षणाचा आहे. बूट घातले, पाटलोण घातली, खाण्यापिण्याचे नियम सोडले, तेव्हा पुरुषांचा धर्म बुडाला नाही. बाईने पाऊल बाहेर टाकलं की मात्र बुडतो. काळाबरोबर बदलायची मुभा पुरुषांनी स्वतःकडे ठेवली आणि परंपरा सांभाळायचं ओझं बायकांच्या डोक्यावर दिलं. वसाहतकाळातल्या राष्ट्रवादाविषयी विद्यापीठांमध्ये शंभर वर्षांनी जे मांडलं गेलं, ते बुलढाण्याच्या या बाईने नऊ आण्यांत दिलं होतं.

पण ती भाषा! विचार कमी, संताप जास्त, असं नाही का वाटत?

संताप आहेच. आगरकरांच्या लेखातला संताप आपण ‘सडेतोड’ म्हणून गौरवतो, हेही लक्षात असू द्या. ताराबाईंची वाक्यं लांब, धापा टाकत जाणारी, मध्येच म्हण, मध्येच टोमणा. परसात उभं राहून कुणीतरी चांगलं झापतंय असं वाटतं. पण ओळी नीट धरून वाचलं तर प्रत्येक टोमण्याखाली आरोप, उलटतपासणी आणि निकाल सापडतो. मोठ्याने वाचून बघा. डोळ्यांनी वाचताना जे विस्कळीत वाटतं ते कानाला सरळ लागतं.

हे पुस्तक इतकी वर्षं कुठे होतं?

कुठेच नव्हतं. टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, टीका करणाऱ्या आपल्याच माणसांनाही सुनावलं. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा छापलं, म्हणजे मध्ये ९३ वर्षं गेली.

पुस्तक विसरलं जाण्याला कट लागत नाही. दुसरी आवृत्ती निघाली नाही एवढं पुरतं. पाचशे प्रती, त्यातल्या कित्येक वाळवीने खाल्ल्या असतील, काही रद्दीत गेल्या असतील. ज्यांचे शिष्य असतात, संस्था असते, ट्रस्ट असतो, त्यांचं समग्र वाङ्मय निघतं. बुलढाण्यात एकटीने राहणाऱ्या बाईच्या मागे यातलं काय होतं?

पंडिता रमाबाई धर्मांतरामुळे मागे पडल्या का?

मोठ्या प्रमाणात, हो. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या, आणि त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदासदनात मुली बाटवल्या जातात असा गवगवा १८९३ मध्ये झाल्यावर पुण्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली. हिंदूंनी त्यांना परकं मानलं. गंमत म्हणजे चर्चलाही त्या सोयीच्या नव्हत्या. इंग्लंडमधल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाई स्पष्ट लिहितात, की भटांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, आता तसलंच दुसरं जोखड घालून घ्यायची तयारी नाही. धर्म बदलला तरी विवेकबुद्धी गहाण ठेवायची नाही, ही भूमिका दोन्ही छावण्यांना पचली नाही.

त्यांचं इंग्रजी पुस्तक (उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचं, १८८७) निदान नावाने माहीत असतं. मराठीत लिहिलेलं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) मात्र कपाटातच राहतं, आणि ते जास्त रंगतदार आहे. प्रवासवर्णन म्हणून हातात घ्यावं तर तिथली राज्यपद्धती, शाळा, घरं, बायकांच्या संघटना असं करत करत पुस्तक समाजशास्त्रात शिरतं. गोऱ्यांनी केलेलं आपलं वर्णन आपण नेहमी ऐकतो, इथे मराठी बाई गोऱ्यांचं वर्णन करते आहे. भारावलेली आहे, पण आंधळी नाही. मूळ रहिवाशांचं आणि काळ्या लोकांचं तिथे काय केलं गेलं ते ती झाकत नाही. तिचं सगळ्यात जास्त लक्ष जातं ते बायकांनी स्वतः चालवलेल्या, पैशाचा हिशेब स्वतः ठेवणाऱ्या संस्थांकडे. पुढे शारदासदन आणि केडगावचं मुक्तिमिशन तिने ज्या धाटणीने उभं केलं, त्याची मुळं तिथे सापडतात.

शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १८८२ च्या हंटर आयोगापुढची साक्षही विसरू नये. शंभरातले नव्व्याण्णव सुशिक्षित पुरुष स्त्रीशिक्षणाच्या विरोधात आहेत, बाईचा बारीकसा दोष दिसला तरी राईचा पर्वत करतात, असं त्यांनी आयोगाला सांगितलं. अशिक्षितांवर खापर फोडणं सोपं होतं. त्यांनी ते सुशिक्षितांवर फोडलं. शिक्षिका हव्यात आणि स्त्री डॉक्टर हव्यात, या मागण्याही त्यातच होत्या.

रखमाबाई म्हणजे डॉक्टर ना? त्या विचारवंत कशा?

डॉक्टर नंतर. आधी त्या प्रतिवादी. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न, सासरी कधी नांदल्या नाहीत. १८८४ मध्ये, बायकोने नांदायला यावं म्हणून नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात प्रकरण फिरलं, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्या लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेत, मग राजकोटला काम केलं.

पण १८८५ मध्येच, ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांची पत्रं आली होती. बालविवाहाने मुलाचंही नुकसान होतं, पण त्याचं शिक्षण चालू राहतं, त्याला दुसरं लग्न करता येतं. मुलीची पाटी त्या दिवशी फुटते, असं त्यांचं म्हणणं होतं. न कळत्या वयात, तिच्या संमतीवाचून लागलेलं लग्न तिच्यावर बंधनकारक कसं? टिळकांचे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ त्यांच्या विरोधात होते, तरी हा प्रश्न मिटला नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याआधी जे रण माजलं त्यात तो सतत घुमत राहिला.

एक बारकावा वकील मंडळींसाठी. नांदायला लावण्याचा हा दावा मुळात इंग्लंडच्या चर्च-कोर्टांतून आलेला, धर्मशास्त्रात तो नव्हता. इंग्लंडने १८८४ मध्येच अशा प्रकरणातली कैद रद्द केली होती, म्हणजे १८८७ मध्ये रखमाबाईंना जी धमकी दिली गेली ती इंग्रज बाईला देता आली नसती. आणि धर्म बुडाला म्हणून ओरडणारे आपले लोक एका इंग्रजी आयातीच्या रक्षणासाठी उभे होते! हाच दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अजून आहे. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला, १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने वैध ठरवला.

हे सगळं पाश्चात्त्य शिक्षणाचं फळ नाही का?

छापखाना, शाळा, मिशनची पत्रं यांचा वाटा आहेच. पण चौदाव्या शतकातल्या सोयराबाईला कुणी शाळेत घातलं होतं? चोखोबांची ही बायको म्हणते, ‘देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध’. एवढ्यावर थांबली असती तर भक्तीची ओळ झाली असती. ती पुढे विचारते, की विटाळावाचून जन्मलेला देह जगात आहे कुठे? जो विटाळ सगळ्यांच्या उत्पत्तीतच आहे, तो एका जातीच्या किंवा बाईच्या नावावर कसा लावता? मुक्ता साळवेचा युक्तिवाद याच जातीचा आहे.

या बायका फक्त बायकांच्याच प्रश्नांवर लिहीत होत्या का?

नाही. आणि ‘बायकांचे प्रश्न’ म्हणजे नेमकं काय, हेही एकदा बघायला हवं. २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बायका जमल्या होत्या. ठराव काय होते? घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा. बहुपत्नीत्व बंद व्हावं. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथल्या कामगार बायकांना पगारी रजा, जखमेची भरपाई, निवृत्तिवेतन. गिरणीत बायकांवर देखरेखीला बायकाच हव्यात. कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत राखीव जागा. सुलोचनाबाईंनी अध्यक्षीय भाषणात संततिनियमनाचा मुद्दाही घेतला.

आता हा एकच कागद समोर ठेवून सांगा, यात कुटुंबाचा प्रश्न कुठे संपतो आणि कामगारांचा कुठे सुरू होतो? मुकादमाच्या हाताखाली राबणारी आणि सवत सोसणारी बाई एकच आहे, हे त्या ठरावांमध्ये गृहीतच धरलेलं आहे. हिंदू कोड बिलावर देशभर वाद पेटायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. स्वातंत्र्याच्या इतिहासात १९४२ म्हटलं की ऑगस्ट आठवतो, जुलै कुणाला आठवत नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. गोदावरी परुळेकरांनी वारली आदिवासींच्या लढ्यावर लिहिताना लग्नगडीची पद्धत उलगडून दाखवली: लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचं आणि नवरा-बायकोने जन्मभर त्याच्या घरी राबायचं. वेठबिगारीचं अर्थशास्त्र म्हणून ते वाचावं. गीता साने कादंबरीकार म्हणून थोड्याफार माहीत, पण दरोडेखोरीचा अभ्यास करायला त्या चंबळला गेल्या आणि १९६५ मध्ये ‘चंबळची दस्युभूमी’ लिहिलं. (मथुरा या आदिवासी मुलीवरच्या पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या प्रकरणी १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाला खुलं पत्र लिहिणाऱ्या चौघांपैकी वसुधा धागमवार या त्यांच्या कन्या.) काशीबाई कानिटकरांच्या ‘पालखीचा गोंडा’मध्ये बाईच्या हाती आलेलं संस्थान आणि बायकांनी चालवलेला कारभार आहे. कथा म्हणून मला ती फारशी धरत नाही, पण राज्यकारभाराची कल्पना म्हणून वाचण्यासारखी आहे.

आत्मचरित्रांना विचार कसं म्हणायचं? तो तर अनुभव.

बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ घ्या. फलटणला दुकान चालवत, पुडीला आलेला रद्दीचा कागद वाचत त्यांचं वाचन चालायचं, आणि लिहिलेलं घरात वर्षानुवर्षं लपवून ठेवलेलं. त्या पुस्तकात सासुरवासाचं वर्णन आहे, अंगावर येणारं. पण मध्येच त्या कारण मांडतात. गावाने आम्हाला गुलाम केलं. मग आम्हालाही कुणावर तरी हुकूम चालवावासा वाटला, आणि हाताशी होती ती सून. अत्याचार सोसणारा समाज आपल्यातच खालची पायरी कशी तयार करतो, याचा हा सिद्धान्त आहे. जाडजूड ग्रंथात आला असता तर त्याला नाव मिळालं असतं.

कुमुद पावडेंच्या ‘अंतःस्फोट’मध्येही तसंच. संस्कृतात एम. ए. होऊनही महार मुलीला नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्नानंतर मिळाली. त्या लिहितात, की नोकरी पावडे या आडनावाला मिळाली, सोमकुवर अजून वंचितच आहे. गुणवत्ता आणि जात यावर तासभर चालणारी चर्चा या एका हिशेबापुढे फिकी पडते. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांकडे असंच, विचार म्हणून पाहायला शिकवलं. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) लिहिलं नसतं तर वरचं नागपूरचं उत्तर मला लिहिता आलं नसतं.

या सगळ्यांचं एकमेकींशी पटलं असतं?

मुळीच नाही. ताराबाईंच्या लिखाणाचा झोत उच्च जातींमधल्या चालीरीतींवर आहे, मुक्ताचा जातीवर. १९३७ मध्ये नागपुरातच अखिल भारतीय महिला परिषदेच्या अधिवेशनात दलित प्रतिनिधींना जेवायला वेगळं बसवलं गेलं. जाईबाई चौधरींसारखी, मुलींची शाळा चालवणारी बाई त्यात होती. पाच वर्षांनी त्याच शहरात दलित बायकांची वेगळी परिषद भरते, ती उगाच नाही. ‘सगळ्या स्त्रिया बहिणी’ असं म्हणणाऱ्यांनी त्या पंगतीचं काय ते आधी सांगावं.

त्यांच्या मर्यादांवर कुणी बोलत का नाही?

बोलावं. मुक्ता आणि ताराबाई दोघींनी इंग्रज राज्याचं कौतुक केलं आहे. पेशवाईचा जाच सोसलेल्या समाजातल्या मुलीने केलेलं कौतुक मला समजतं, पण सारा वसूल करणारं सरकार त्या निबंधांमध्ये दिसत नाही हेही खरं. रमाबाईंच्या सुरुवातीच्या ‘स्त्रीधर्मनीती’त (१८८२) बायकांना केलेला उपदेश बराचसा जुन्या वळणाचा आहे. पाच वर्षांत ती लेखिका कुठून कुठे गेली, ते दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

जात्यावरच्या ओव्या यात धरायच्या का?

धराव्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आणि ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. आई-लेक, माहेर, दारुडा नवरा, विठ्ठल, आंबेडकर, सगळं आहे. प्रत्येक ओवीत विचार शोधायला जाऊ नका, काही ओव्या नुसत्या गोड आहेत.

सुरुवात कुठून करावी? पुस्तकं मिळतात का?

मुक्ताच्या निबंधापासून. अर्धा तास पुरे. त्यानंतर ताराबाई, शक्यतो दोघी-चौघींनी मिळून, मोठ्याने. रमाबाईंचं अमेरिकेवरचं पुस्तक सलग वाचू नका, घरं आणि बायकांच्या संघटनांवरची प्रकरणं आधी काढा. ‘जिणं आमुचं’ कधीही.

गावच्या सार्वजनिक वाचनालयात यातलं काहीतरी असतंच. कार्डावर सापडलं नाही तर ग्रंथपालांना सांगा, ‘संकीर्ण’च्या कपाटात बघा म्हणून. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. म्हणजे १९२२ मध्ये वारलेल्या रमाबाई आणि १९५५ मध्ये वारलेल्या रखमाबाई यांचं मूळ लिखाण छापायला कुणाची परवानगी लागत नाही. मुक्ता आणि ताराबाई तर त्याहून जुन्या. नव्या आवृत्त्यांमधल्या प्रस्तावना, टीपा आणि भाषांतरं मात्र त्या-त्या लेखकांच्या मालकीची आहेत, ती वगळून मूळ मजकूर घ्यावा. बेबीताई आणि कुमुदताईंची पुस्तकं विकतच घ्यायला हवीत.